सुकती लागल्यावर

मालवणच्या उत्तरेला, कालावल खाडीच्या काठी, तिसऱ्यांचे शिंपले काढायला कधी उतरणार असं विचारलं की बायका आधी आज तिथी कोणती ते बघतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब. शाळेत पावकी-पाऊणकी बंद होऊन जमाना झाला, पण खाडीकाठी पाऊणकी अजून चालू आहे. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. पहाटे तीनला आणि दुपारी तीनला खाडी काठोकाठ, आणि मधे सकाळी नवाच्या सुमाराला तळ उघडा. अष्टमीला भरती सहाला, सुकती बाराला. अमावास्येला भरती सव्वाअकराला, म्हणजे पहाटे सव्वापाचला पाणी पार उतरलेलं. चंद्राच्या महिन्यात 30 तिथ्या, आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ पूर्ण 24 तास पुढे सरकते, तेव्हा तिथीमागे 48 मिनिटं पडतात. पाऊण तासाच्या हिशेबात तीन मिनिटांची तूट राहते. ती कोणी मनावर घेत नाही, कारण खाडीत जितकं आत जावं तितकं पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं, आणि प्रत्येक वाडीने आपल्या जागेपुरती भर त्या हिशेबात घालूनच ठेवलेली असते.

नुसती वेळ कळूनही भागत नाही. पाणी किती खाली जाणार हे पाहावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं. तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं आणि एरवी कधी न दिसणारे चर उघडे पडतात. अष्टमीच्या सुमाराला भांग असते. पाणी जेमतेम हलतं, चांगल्या जागा पाण्याखालीच राहतात, आणि टोपली घरी ठेवून बायका दुसऱ्या कामांना लागतात. म्हणजे पंधरवड्यातले निम्मेच दिवस कामाचे, आणि त्या दिवसांतले दोन-तीन तास. एवढ्या वेळात घरचं कालवण आणि बाजाराचा माल दोन्ही निघायला हवं.

मी या बाजूला आले ते कांदळवनं पाहायला. सुरुवात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीपासून केली. तिथे स्वामिनी या बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जो प्रकल्प झाला, त्यातून हे काम उभं राहिलं. होडी वल्ह्यांवर चालते, त्यामुळे बोलणं ऐकू येतं आणि पक्षी उडून जात नाहीत. कांदळाच्या झाडावरच रुजलेल्या लांब हिरव्या शेंगा, तिवराच्या भोवती चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, तिवराच्या पानावर वाळलेलं मीठ, काटेरी पानांची आणि निळ्या फुलांची मारांडी, ज्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळे जातील म्हणून लांब राहायचं तो हुरा, हे सगळं डोळ्यांसमोर येत जातं. 2020 मध्ये महाराष्ट्राने ज्या पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, तीही तिथे आहे. ज्या झाडांकडे कालपर्यंत जळण म्हणून पाहिलं जायचं, त्यांच्यावर गावच्या बायकांचं घर चालतं याचा मला मनापासून आनंद झाला.

त्याच फेरीत ओहोटी लागली. पलीकडच्या काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडत गेला आणि त्यावर दोन बायका कमरेत वाकून पुढे सरकताना दिसल्या. होडीतल्या सगळ्यांचे फोन खंड्याकडे वळलेले होते. माझी नजर त्या दोघींवरून हटेना. झाडांची मोजणी झाली, पाखरांच्या याद्या झाल्या, त्यांवर अहवाल निघाले आणि त्यांतले काही मी वाचलेही होते. या बायका त्यांत कुठे होत्या? तिथून पुढचा प्रवास त्यांच्यासाठी केला.

मालवणहून आचऱ्याकडे जाणारा रस्ता कोळंबची खाडी ओलांडून उत्तरेला जातो आणि थोड्या वेळाने कालावलच्या पुलावर येतो. पुलाखाली दिसते ती गड नदी. सह्याद्रीत उगम पावून कणकवलीवरून, मसुऱ्यावरून ती इथवर येते तेव्हा तिचं पाणी पार मचूळ झालेलं असतं. खाडी रुंद होते, फाटे फुटतात आणि फाट्यांच्या मधे जुवे उभे राहतात. जुवा म्हणजे खाडीतलं बेट. माड, चार घरं, कडेने कांदळ, आणि घरातून निघायचं तर दारातच होडी. उतरते ऊन असताना पुलावरून पाहिलं तर चिखलाच्या पट्ट्यांवर तिवरांच्या सावल्या लांबवर पडलेल्या दिसतात. खाडीकाठच्या एका घरी माझी राहण्याची सोय झाली. घरच्या काकी साठी ओलांडलेल्या. लग्न होऊन या वाडीत आल्या तेव्हापासून चिखलात उतरतायत, आणि माहेरही खाडीकाठचंच, त्यामुळे त्याआधीही उतरत होत्या.

माघातली द्वितीया होती. दोन पाऊण दीड, म्हणजे सुकती साडेसातला. खाडीत आत असल्यामुळे आठ धरायचे. उजाडायच्या आधी आम्ही निघालो. काकी, त्यांची धाकटी जाऊ आणि वाडीतल्या आणखी दोघी-तिघी. जुनी लुगडी कासोटा घालून वर घेतलेली, अंगात घरच्या पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट, आणि पायांत जुने मोजे. मोजे कालवांसाठी. कालवाच्या शिंपीची धार पायात घुसली तर जखम चिघळते आणि पुढची उधाणं वाया जातात. हातात प्रत्येकीची कोयती, डोक्यावर टोपली, आणि अॅल्युमिनियमचं एक पातेलं, ज्याच्या कानाला दोरी बांधलेली. ती दोरी कशाला हे मला नंतर कळलं.

होडीतून पलीकडे उतरलो तिथे पाय घोट्याच्या वर गेला, दुसऱ्या पावलाला पोटरीपर्यंत. काकी मागे वळून म्हणाल्या, "उभ्यान चलू नको गो बाय, पाय घासत ये." पाऊल उचलून टाकलं की सगळा भार एका जागी येतो. न उचलता पुढे सरकवलं की चिखल वजन धरतो. गुडघे किंचित वाकलेले, कंबर खाली, हात मोकळे. दुरून पाहणाऱ्याला जी नुसती वाकलेली पाठ वाटते, तो चालण्याचा एक शिकलेला प्रकार आहे, आणि तो अंगात मुरायला वर्षं लागतात. धाकटी जाऊ या चिखलावर रस्त्यावरून जावं तशी भराभर गेली.

चिखल सगळा एकसारखा नसतो हे पहिल्या अर्ध्या तासातच ध्यानात आलं. कांदळाच्या मुळांलगत तो काळा, मऊ, गंधकाच्या वासाचा. त्यात कुजलेली पानं आहेत आणि हवा नाही. तिथे चिंबोऱ्यांची बिळं, तिसरे नाहीत. थोडं बाहेर, जिथे वाहत्या पाण्याने रेती आणून मिसळली आहे, तिथे पायाला करकर लागते. तीच जागा. काकी तिथे पोचल्यावर थांबल्या, वाकल्या, आणि मला दोन बारीक भोकं दाखवली, एकमेकांना लागून. "ह्ये दोन डोळे दिसतत? थंय बोट घाल." बोट घालण्याआधीच भोकातून पाण्याची बारीक पिचकारी उडाली आणि बोटभर खोलीवर टणक काहीतरी लागलं.

ते डोळे म्हणजे तिसऱ्याच्या दोन नळ्यांची तोंडं. एका नळीने पाणी आत, दुसरीने बाहेर. मधल्या कल्ल्यांवर पाण्यातले सूक्ष्म जीव आणि कुजलेल्या पानांचा बारीक भुगा अडकतो, तेच त्याचं जेवण. कांदळवनाची पानं खाडीत पडतात, कुजतात, जिवाणू त्यांना बारीक करतात, आणि त्या भुग्याचा मोठा वाटा अशा गाळून खाणाऱ्या जिवांच्या पोटी जातो. कालवही तेच करतं. चांगलं वाढलेलं एक कालव तासाला काही लिटर पाणी गाळून सोडतं. खाडीचं पाणी निवळ ठेवणारी ही शिंपल्यांची फळी आहे, आणि याच कारणासाठी खाडीत जे सोडाल ते त्यांच्या अंगी उतरतं. गावाचं सांडपाणी जिथे खाडीला मिळतं तिथले तिसरे काकींच्या वाडीतलं कोणी काढत नाही. घाणेरडी चव लागते म्हणून आजीने सोडलं, सुनेने सोडलं, नातीनेही सोडलं. प्रयोगशाळेतून जो निष्कर्ष निघाला असता तोच त्यांच्या जिभेने काढलेला आहे.

थोड्या वेळाने त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि पातेल्याच्या दोरीचा उलगडा झाला. दोरीचं दुसरं टोक कमरेला, पातेलं पाण्यावर तरंगत मागोमाग. आता डोळे दिसत नव्हते. पायाच्या बोटांनी चाचपायचं, टणक लागलं की टाचेने बाजूची माती सैल करायची, खाली हात घालायचा, आणि वर काढून पाहायचं. पाहणं महत्त्वाचं. अंगठ्याच्या पेराहून लहान तिसरा काकी त्याच जागी परत दाबत होत्या. नुसता टाकत नव्हत्या, बोटाने आत सारत होत्या. "बारकी घेव नको," मला म्हणाल्या, "ती पुढल्या वर्साची." उघड्यावर राहिला तर बगळा उचलेल किंवा उन्हात मरेल, म्हणून आत सारायचा. एका चरात सगळ्या मिळून तास-दीड तास काम करत होत्या आणि शेजारच्या चराला कोणी हात लावला नाही. तो मागच्या उधाणाला झाला होता.

कालवं काढायची जागा वेगळी. कांदळाच्या कमानदार मुळांवर आणि खडकांवर ती चिकटलेली असतात, खालची शिंपी पक्की, वरची झाकणासारखी. कोयतीचं टोक सांध्यावर नेमकं बसलं की वरची शिंपी सुटते, आतला मऊ गर टोकाने उचलून डब्यात जातो, आणि खालची शिंपी मुळावर तशीच राहते. या राहण्याला मोठा अर्थ आहे. कालवाची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे पाण्यात तरंगत असतात आणि नंतर टणक जागा शोधून कायमची चिकटतात. जुनी शिंपी ही त्यांची आवडती जागा. म्हणजे काढलेल्या प्रत्येक कालवामागे नव्या कालवाचं घर तिथेच ठेवून बायका पुढे जातात. मूळ तोडलं असतं तर काम कितीतरी सोपं झालं असतं, घरी बसून सावलीत कालवं फोडता आली असती. ते कोणी करत नाही. धाकट्या जावेला विचारलं तर ती म्हणाली, मूळ तोडल्यावर पुढच्या वर्षी यायचं कुठे?

पाणी फिरल्याचं मला कळलंच नाही. खाडी दिसायला तशीच होती. काकींनी मात्र पोटरीवरून ओळखलं. इतका वेळ पाणी एका बाजूने पायाला लागत होतं, आता दुसऱ्या बाजूने लागायला लागलं. "पाणी फिरला," एवढंच म्हणाल्या आणि सगळ्यांनी पातेली ओढून घेतली. दहा मिनिटांत होडी. भरतीच्या पाण्यात चिखल सैल होतो आणि चर आधी भरतात, त्यामुळे परतीची वाट तुटते. इथे उशीर परवडत नाही.

चिखलातल्या प्रत्येक पट्ट्याला नाव आहे, ती नावं मी ऐकली पण इथे लिहीत नाही. ती त्या वाडीची आहेत, आणि छापून आली की उद्या कोणीही मोठी होडी घेऊन तिथे पोचेल. कुठल्या वाडीने कुठवर यायचं हे ठरलेलं आहे. पावसाळ्यात वरून गोड्या पाण्याचे लोंढे येतात तेव्हा तिसरे शिंपा मिटून तग धरतात, पुष्कळ मरतातही, म्हणून त्या दिवसांत त्यांच्या वाटेला कोणी जात नाही. खुबे या दुसऱ्या शिंपल्यांचं वेगळं. त्यांना गोडं पाणी सोसतं, ते वरच्या अंगाला, नदीच्या बाजूला सापडतात. हे सगळे नियम कोणी लिहिलेले नाहीत आणि मोडणाऱ्याला दंडही नाही. मोडलं तर वाडीतल्या बायका बोलतात, आणि ते पुरतं.

घरी आल्यावर तिसरे गोड्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून धुतले आणि मग खाडीच्याच पाण्यात ठेवले, पोटातली रेती सोडावी म्हणून. दुपारी काकी आडाळ्यावर बसल्या. विळीच्या पात्यावर शिंप किंचित उघडायची, गर एका शिंपेत ठेवायचा, दुसरी रिकामी शिंप काढून टाकायची. आडाळ्याखाली ताट ठेवलेलं असतं, कारण आतलं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही. ते गाळून कालवणात जातं आणि मीठ त्याच्या अंदाजाने घालायचं. जो तिसरा तोंड वासून पडलाय आणि टिचकी मारली तरी मिटत नाही, तो आधीच बाजूला. कढईत खोबरेल, कांदा, मालवणी मसाला, तिसरे, त्यांचं पाणी, आणि उकळी आल्यावर ओल्या खोबऱ्याचं वाटप. शेवटी दोन सोलं. झाकण ठेवून थोडाच वेळ, कारण जास्त शिजवलं की गर चिवट होतो. भाताबरोबर ही एकशिपी जेवताना हातात शिंपी घेऊन चोखावी लागते, आणि त्या रसात समुद्र, खोबरं आणि कोकम एकत्र लागतात. मी किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी तिसरे खाल्ले आहेत. त्या दुपारच्या ताटाची बरोबरी झाली नाही. कालवांचं कालवण रात्रीला राखून ठेवलं होतं.

रिकाम्या शिंपा अंगणाच्या कडेला पडतात. पूर्वी त्या भट्टीत भाजून चुना करत. कोकणातल्या कितीतरी जुन्या घरांच्या आणि देवळांच्या भिंतींत असा शिंपल्यांचा चुना आहे, आणि पानाला लागायचा तोही. आता सिमेंट आलं, भट्ट्या विझल्या. शिंपा माडाच्या आळ्यात जातात.

संध्याकाळी काकी आणि त्यांची जाऊ मला पुलाच्या बाजूला घेऊन गेल्या आणि त्यांनी काठ दाखवला. काठ उभा तुटलेला होता. चिप्पीची दोन झाडं मुळांसकट पाण्यात आडवी. गड नदी डोंगरातून रेती आणते, ती खाडीत पसरते, आणि त्याच रेतीमिश्रित गाळात तिसऱ्याची जागा तयार होते. घरं बांधायला रेती सगळ्यांनाच लागते. हातपाटीने काढलेल्या रेतीने खाडीचं फार बिघडत नाही, पुढच्या पुरात खड्डा भरतो. सक्शन पंप लागला की तळाशी खोल खड्डे पडतात, काठची माती त्यांत घसरते, काठावरची झाडं कोसळतात, आणि ओहोटीला जो पट्टा उघडा पडायचा तो पडतच नाही. पंपाच्या तोंडी रेतीबरोबर तिसऱ्यांची वर्षा-दोन वर्षांची पिल्लंही जातात. ज्या बाईने सकाळी बोटाच्या पेराएवढा तिसरा परत आत सारला होता, तिने या काठाकडे पाहून काहीच म्हटलं नाही. मला मात्र संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

झाडांना कायद्याचं कवच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांच्या तोडीला आधी अंतरिम मनाई केली आणि 2018 च्या सप्टेंबरमध्ये अंतिम निकाल दिला. कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही त्याने राखून ठेवला. राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष 2012 पासून काम करतो. 2017 पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना सुरू आहे, तिच्यातून खेकडा, कालव, शिनाणे पाळण्यासाठी गावातल्या गटांना मदत मिळते. हे सगळं मोलाचं आहे आणि त्यासाठी भांडलेल्या माणसांचे उपकार आहेत. तरी माझ्या मनात एक गोष्ट सलत राहिली. पाळलेल्या कालवाची दोरी मोजली जाते, आणि नैसर्गिक जागेवरून आपल्या हाताने निवडून आणलेली टोपली मोजली जात नाही. देशाच्या सागरी मासळीचा अंदाज कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बांधते, तो मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर नमुने घेऊन. काकींची टोपली कुठल्याच केंद्रावर उतरत नाही. ती परसातून आत येते, अर्धी चुलीवर जाते, अर्धी बाजारात. जी गोष्ट हिशेबात नाही ती बुडाली तर नुकसान कोणाचं दाखवायचं आणि भरपाई कोणाला द्यायची?

केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात वेगळं घडलं. तिथला तिसऱ्याच्याच जातीचा शिंपला परदेशी जाऊ लागला तसा बेसुमार काढला गेला आणि उत्पादन खाली आलं. मग डिसेंबर ते फेब्रुवारी, प्रजननाच्या काळात, काढणी बंद झाली, जाळ्याच्या आसाचा आकार ठरला, आणि शास्त्रज्ञ व काढणारे एकत्र बसून जागांवर नजर ठेवू लागले. 2014 मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी ठरली. तिथे मोजणी होती म्हणून घसरण दिसली, आणि दिसली म्हणून थांबवता आली. कालावलला निर्यात नाही, व्यापारी नाहीत, पण आकाराचा नियम आहे, आळीपाळीने चर मोकळा ठेवण्याचा नियम आहे, आणि ते पाळणाऱ्या बायका आहेत. सरकारने इथे नवीन काही शोधायची गरज नाही. त्यांना होडीत घेऊन नकाशावर त्या जागा उठवाव्यात, आणि रेतीचा परवाना देताना तो नकाशा समोर ठेवावा. रत्नागिरीला भाट्ये खाडीच्या पुलावरून, काजळी नदीच्या मुखाशी, मी अशाच वाकलेल्या पाठी पाहिल्या आहेत, आणि रायगडच्या खाड्यांतही. तिथे शिवल्या म्हणतात. काम तेच, आणि नोंदीची गत तीच.

दुसऱ्या दिवशी काकींबरोबर मालवणच्या बाजारात गेले. तिसऱ्यांचे वाटे लावायचे असतात, कालवांचा गर मापाने जातो. गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचं. एका बाईने वाटा उचलण्याआधी दोन तिसरे एकमेकांवर आपटून आवाज ऐकला. मेलेला पोकळ वाजतो. पर्यटनामुळे तिसऱ्यांना मागणी वाढली आहे. भाव बरा मिळतो, हे काकी आनंदाने सांगतात आणि सांगायलाच हवं, कारण या पैशातून मुलांच्या फिया गेल्या आहेत. त्याबरोबर नवीन ताणही आला आहे. एका हॉटेलासाठी माल पाहणारा तरुण आला. त्याला रोज ठरावीक माल हवा होता, लहान-मोठा कसाही, मोसम संपेपर्यंत. बोलायला नम्र होता, काकींना मावशी म्हणत होता, आगाऊ रक्कम द्यायलाही तयार होता.

काकींनी त्याला भांगेचे दिवस समजावून सांगितले. त्या दिवसांत जागा उघडी पडत नाही, तेव्हा माल नाही. लहान मिळणार नाही, त्यांच्याकडून नाही आणि वाडीतल्या कोणाकडूनही नाही, यावर सगळ्यांचं बोलणं झालेलं आहे. उधाणाच्या दिवसांत जो निघेल त्यातला निम्मा त्याला, निम्मा या बाजाराला, कारण इथली माणसं तीस वर्षं त्यांच्याकडून घेतायत. तरुणाने थोडा विचार केला, मग फोनमध्ये पंचांग उघडून पुढच्या अमावास्येची तारीख पाहिली आणि आगाऊ रकमेतली निम्मीच रक्कम काढली. काकींनी ती घेतली नाही. माल बघ, मग दे, म्हणाल्या, आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हातारबांसाठी शेवटचा वाटा पिशवीत भरायला लागल्या.